दसऱ्यापासून सुगी: एका शब्दावर अडकलेल्या पीकविम्याचं प्रकरण

भाऊबीजेच्या रात्री पाऊस आला. साल 2019. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 27 ऑक्टोबरला होतं आणि भाऊबीज 29 ला. रात्री अकराच्या पुढे पत्र्यावर जो आवाज सुरू झाला, तो पहाटेपर्यंत थांबला नाही. सकाळी साडेसातला तात्या माझ्या सेवा केंद्राच्या पायरीवर येऊन बसले होते. अंगात कालचाच सदरा, पायाला घोट्यापर्यंत काळी माती, हातात कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेली विम्याची पावती.

"लेकरा, वड्याकडचं समदं भिजलं. फोन लाव."

मी औसा तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, सगळं माझ्याकडे भरलं जातं. तात्यांचा विमाही मीच भरलेला. त्या फोनवर जे बोललं गेलं आणि त्यातून पुढे दहा महिने जे घडलं, ते सगळं इथे मांडतो आहे. प्रकरण विम्याचं दिसतं, पण ते अडलं होतं एका शब्दापाशी. तो शब्द माझ्या तोंडून गेला होता.

तात्यांची जमीन चार एकर, दोन गटांत. एक तुकडा माळावरचा, पावणेदोन एकर, हलकं रान. दुसरा ओढ्याकडचा, सव्वादोन एकर, म्हणजे साधारण 90 आर, काळी भारी जमीन. दोन्हीत सोयाबीन. पण दोन्हीची पेर एका दिवशी झाली नव्हती. 2019 ला मृग कोरडा गेला, आमच्याकडे पाऊस पडायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. माळावर तेव्हाच पेरून घेतलं. ओढ्याकडच्या रानाला वाफसा यायला आणि पैशाची जुळवाजुळव व्हायला जुलैचा दुसरा आठवडा लागला. सोयाबीन शंभर दिवसांच्या आतबाहेर येतं. त्यामुळे माळावरचं दसऱ्याला तयार झालं आणि ओढ्याकडचं दिवाळीच्या तोंडावर.

दसरा 8 ऑक्टोबरला होता. दुसऱ्या दिवशी तात्यांनी माळावरच्या तुकड्याला हात घातला. अठरा तारखेला त्याची रास झाली. आमच्याकडे मळणीला रास म्हणतात, यंत्रावर केली तरी राशीच म्हणतात. पोती घरात आली. मग चार दिवस दुसऱ्यांच्या शेतात इर्जिकीचं, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांना करायच्या मदतीचं, फेडलं आणि 25 व 26 ऑक्टोबरला ओढ्याकडचं कापलं. कडपे, म्हणजे कापलेल्या मुठी, जागेवर पसरून ठेवले, लक्ष्मीपूजन आलं म्हणून दोन दिवस बाया मिळाल्या नाहीत, पाडवा गेला, भाऊबीज गेली. त्याच रात्री पाऊस.

प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 च्या खरिपापासून आली. खरिपाच्या धान्याला आणि गळिताच्या पिकाला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या 2 टक्के, बाकी सरकार भरतं. त्यात एक कलम होतं, सरकारी मराठीत त्याचं नाव "काढणीपश्चात नुकसान". पीक कापून शेतातच सुकायला पसरलेलं असताना गारपीट, चक्रीवादळ, चक्रीवादळाचा पाऊस किंवा अवकाळी पाऊस झाला, तर भरपाई मिळायची. त्याला तीन अटी. कापल्यापासून 14 दिवसांच्या आत नुकसान झालेलं असावं. नुकसान झाल्यापासून 72 तासांत कळवलेलं असावं. आणि पीक पसरलेलं असावं, एका जागी ढीग रचून ठेवलेलं नसावं.

तात्यांचं पीक तिन्ही अटींत चपखल बसत होतं. कापून तीन दिवस झाले होते, कळवायला एक रात्रच उलटली होती, आणि कडपे होते, सुडी घातलेली नव्हती.

मी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे एका मुलीचा आवाज. स्वच्छ, शहरातली मराठी, अदबीनं बोलणारी. अर्ज क्रमांक विचारला, गट क्रमांक विचारला, पीक कोणतं, नुकसान कशानं, कधी. सगळं नीट चाललं होतं. मग तिनं विचारलं, "पिकाची हार्वेस्टिंग कधी झाली?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "तात्या, सुगी कधी झाली विचारतायत."

"सुगी व्हय? सुगी दसऱ्यापासनं चालूच हाय की."

"दसरा म्हणजे आठ तारीख ना, काका?"

"आठच."

की-बोर्डचा आवाज आला. तक्रार क्रमांक मिळाला. तात्यांनी तो पावतीच्या मागे माझ्याकडून लिहून घेतला आणि समाधानानं उठले.

सर्वेक्षण करणारा माणूस सात नोव्हेंबरला आला. तोवर अरबी समुद्रात आधी क्यार आणि मग महा अशी दोन चक्रीवादळं होऊन गेली होती आणि आमच्याकडे ऊन धड दोन दिवस पडलं नव्हतं. मी त्याच्यासोबत रानात गेलो. कडपा उचलला की खालचा थर मातीला धरून यायचा. शेंगा काळ्या पडलेल्या, हाताला बुळबुळीत, आणि फुटलेल्या शेंगेतून दाण्याला पांढरा कोंब आलेला, करंगळीच्या पेराएवढा. आंबूस वास होता, भिजत घातलेल्या डाळीला दोन दिवसांनी येतो तसा. त्या माणसानं फोटो काढले, 90 टक्क्यांच्या वर नुकसान लिहिलं. फॉर्मवर वरची माहिती आधीच छापून आली होती, त्यात काढणीची तारीख 08/10/2019. खाली तात्यांची सही. ती तारीख त्यानंही वाचली नाही, मीही वाचली नाही.

जानेवारीत संदेश आला. दावा नामंजूर. कारण: काढणीनंतर 14 दिवसांची मुदत संपल्यावर नुकसान.

तात्या म्हणाले, "मी कवा म्हणलो दसऱ्याला काढलं? सुगी म्हणलो मी."

त्या एका वाक्यात सगळं प्रकरण होतं. मला ते समजायला मात्र आठवडा लागला.

सुगी म्हणजे काय

सुगी हा शब्द आमच्या पट्ट्यात रोजचा आहे. लातूर, धाराशिव, सोलापूर, तिकडे सांगली-कोल्हापूर. नकाशा बघितला तर कारण लगेच लक्षात येतं. हे सगळे कर्नाटकाला लागून असलेले जिल्हे, आणि कन्नडमध्ये शब्द आहे सुग्गी. अर्थ तोच, पिकं पदरात पडण्याचे दिवस. तिकडे संक्रांतीला सुग्गी हब्ब म्हणतात, म्हणजे सुगीचा सण. उत्तर कन्नड जिल्ह्यात हालक्की वक्कलिग समाज होळीच्या दिवसांत सुग्गी कुणिता नाचतो. आमच्या लातूरकडे येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, हा सणही कन्नडच्या एळ्ळ अमावास्येवरूनच आलेला आहे असं सांगतात. सीमेवरच्या रानात शब्द असे बांध ओलांडून येतात. संक्रांतीच्या सुगडाचा मात्र सुगीशी संबंध नाही, जरी त्यात हरभरा-ज्वारी-ऊस घालतात म्हणून पुष्कळांना तसं वाटतं. सुगड म्हणजे सुघट, चांगला घट.

महत्त्वाचं हे की सुगी हे कामाचं नाव नाही, ते काळाचं नाव आहे. आणि तो काळ एका माणसाचा नसतो, गावाचा असतो. सुगी लागते, सुगी भरात येते, सुगी उरकते. "माझी सुगी आज सकाळी झाली" असं कुणी म्हणत नाही. "सोयाबीनची सुगी" म्हटलं तरी त्यातून दिवस कळत नाही, सोयाबीनचे ते दिवस चालू आहेत एवढंच कळतं. सुगीत घरं कुलपात असतात, बाया पहाटे स्वयंपाक उरकून रानात, शाळेत वरच्या वर्गाच्या मुली कमी, मजुरीचे दर वाढलेले, पाहुण्यानं यायचं नाही, आलाच तर विळा हातात घ्यायचा. सुगीत कुणी आजारीसुद्धा पडत नाही असं माझी आजी म्हणायची.

आणि सुगी वर्षातून एकदाच येते असंही नाही. खरिपाची सुगी दसरा-दिवाळीच्या अंगानं, आणि ज्वारीची सुगी माघ-फाल्गुनात. जुनी माणसं नुसतं सुगी म्हणाली तर त्यांच्या मनात बहुधा ज्वारीच असते, कारण घरात वर्षाचं खाणं त्या सुगीनं यायचं. सोयाबीन आमच्याकडे मुख्य पीक होऊन दोन-तीन दशकंच झाली. त्यानं सुगीचा जोर हिवाळ्याच्या शेवटाकडून उचलून दसऱ्यावर आणून ठेवला. शब्द तोच राहिला, त्याचा महिना सरकला.

पूर्वी देण्याघेण्याची मुदतही सुगीच असायची. बलुतेदाराचं बलुतं सुगीत खळ्यावरच मोजून दिलं जायचं. सुतारानं वर्षभर तिफण नीट केली, चांभारानं मोटेचं चामडं सांधलं, त्याचा हिशेब सुगीला. दुकानदाराकडे उधारी लिहायची तीही "सुगीवर देतो" म्हणून. तारीख नसायची, कारण तारखेची गरज नव्हती. खळ्यावर रास पडलेली दोघांनाही दिसायची. ज्याच्या डोळ्यांसमोर सुगी आहे त्याला तो शब्द पुरेसा नेमका आहे. दोनशे मैलांवर कानाला यंत्र लावून बसलेल्या मुलीला तो नेमका नाही. तिच्या रकान्यात एकच तारीख मावते.

वर्तमानपत्रांच्या मराठीत तर सुगीचा अर्थ अजून पातळ झाला आहे. "बांधकाम व्यवसायाला सुगीचे दिवस", "फटाकेविक्रेत्यांची सुगी". तिथे सुगी म्हणजे नुसती कमाई. वाक्प्रचार म्हणून त्यात चूक नाही, भाषा अशीच पसरते. पण शहरात वाढलेल्या माणसाला हा शब्द ठाऊक असतो तो बहुतेक याच अर्थानं. त्या मुलीनं सुगी ऐकलं तेव्हा तिला शब्द अनोळखी वाटला नसणार, म्हणूनच तिनं पुन्हा विचारलं नाही. शब्द अजिबात कळला नसता तर बरं झालं असतं. अर्धवट ओळखीचा शब्द जास्त फसवतो.

मग हार्वेस्टिंगला मराठीत काय म्हणायचं

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझी चूक इथे झाली आणि ती मला अजून टोचते.

मराठीत सगळ्या पिकांना पुरून उरेल असं एक क्रियापद नाही. पीक बदललं की हाताची हालचाल बदलते आणि हालचाल बदलली की शब्द बदलतो. भात आणि बाजरी कापतात. ज्वारी बऱ्याच ठिकाणी मुळासकट उपटून काढतात, म्हणून ज्वारीची काढणी. काढलेल्या ज्वारीची कणसं नंतर मोडतात किंवा खुडतात, ते वेगळं काम. कापूस वेचतात. ऊस तोडतात. भुईमूग उपटतात, हळद आणि कांदा काढतात. आंबा उतरवतात. मूग-उडदाच्या शेंगा तोडतात. गहू आणि सोयाबीन विदर्भात सोंगतात, तिकडे सोंगणी. आमच्याकडे सोयाबीन कापलं तरी "काढलं" म्हणतात, हाताला विळा असला तरी. तूर कापून आणून बडवतात.

या प्रत्येकाच्या पुढच्या पायऱ्यांची नावं पुन्हा निराळी. कापल्यावर मूठ-मूठ खाली टाकतात तो कडपा. कडपे बांधले की पेंढी. सोयाबीन एकावर एक रचलं की सुडी किंवा गंज, ज्वारीच्या पेंढ्या उभ्या रचल्या की बुचाड, कोकणात भाताची रचली की उडवी. मग मळणी, आमच्याकडे रास. मग उफणणी, आता ती यंत्रातच होते.

विम्याच्या कलमाला नेमकं काय हवं होतं? कापणी झाल्याचा दिवस, आणि त्या दिवसानंतर पीक कडप्याच्या अवस्थेत आहे की सुडीच्या. म्हणजे कलमाला जो फरक महत्त्वाचा होता, त्यासाठी आमच्या बोलीत आधीपासून दोन स्वच्छ शब्द आहेत. कडपा भरपाईत बसायचा, सुडी बसत नसे. कुठल्याही शेतकऱ्याला विचारा "कडपे होते का सुडी घातली होती", तो क्षणाचाही विचार न करता उत्तर देईल आणि ते उत्तर कायद्याच्या भाषेइतकंच नेमकं असेल. पण हे शब्द ना फॉर्मवर होते, ना फोनवरच्या मुलीच्या कागदावर, ना माझ्या तोंडात वेळेवर आले.

सरकारी कागदही एका शब्दावर ठरलेला नाही. याच योजनेत नुकसान "काढणीपश्चात" होतं, आणि उत्पादन मोजायला जो प्रयोग घेतात तो "पीक कापणी प्रयोग". काढणी आणि कापणी, दोन्ही एकाच अर्थानं. शेतकऱ्याला काढणी म्हणजे कधी कापणं, कधी उपटणं, आणि माल "काढला" म्हटलं तर कधी थेट राशीपर्यंतचं सगळं काम. ही भानगड कुणी मुद्दाम केलेली नाही. एका इंग्रजी शब्दासाठी मराठी शब्द नेमायला बसलं की प्रत्येक जण आपल्या जिल्ह्याचा शब्द उचलतो.

आणि हंगाम? काही वाचक म्हणतील, हंगाम म्हणायचं होतं. हंगाम फारसीतून आला, मूळ अर्थ वेळ, समय. खरीप आणि रब्बी हे अरबी शब्द, खरीफ म्हणजे शरद आणि रबी म्हणजे वसंत, पीक हाताशी येण्याच्या ऋतूवरून पडलेली नावं. महसुलाच्या दप्तरातून हे शब्द शेतात उतरले आणि आता ते पूर्ण आपले आहेत. पण हंगाम पेरणीपासून सुरू होतो, साखर कारखान्याचा गळीत हंगाम धुराडं पेटल्यापासून. तारीख विचारायला हंगाम तर सुगीपेक्षाही ढिला.

मला त्या क्षणी म्हणायला हवं होतं, "तात्या, ओढ्याकडचं कापलं कधी?" तात्यांनी उत्तर दिलं असतं: "परवाच्या सनवारी उरकलं." 26 ऑक्टोबर शनिवारच होता. वीस सेकंदांचं काम. मी एका अनोळखी शब्दाऐवजी आपल्या माणसाला आपला शब्द द्यायला गेलो, आणि चुकीचा आपला शब्द दिला. प्रेमाचा शब्द होता, म्हणून तो पटकन आला.

पुरावा

तक्रार करायचं ठरलं. तात्या नको म्हणत होते. "सात हजार मिळाल्यात की सरकारचे," म्हणाले. ते अवकाळीच्या मदतीचे. राष्ट्रपती राजवटीत 16 नोव्हेंबरला राज्यपालांनी खरिपाच्या पिकांना हेक्टरी 8,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले होते. 90 आरचे 7,200 रुपये तात्यांच्या खात्यावर आले होते. पण मदत वेगळी आणि ज्याचा हप्ता भरला तो विमा वेगळा. मी हट्ट धरला. चूक माझी होती, ती मला निस्तरायची होती.

या मदतीमुळे एक कागद मात्र हाती आला. पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक अशा तिघांच्या सहीचा. त्यात ओढ्याकडच्या गटासमोर लिहिलं होतं की सोयाबीन कापून शेतात पसरलेलं, दिवाळीच्या आधी कापलेलं. तारीख नव्हती, पण "दिवाळीच्या आधी" हे "दसऱ्याला" यापेक्षा खूप वेगळं आहे.

दुसरा पुरावा मला कल्पनेतही नव्हता. तात्यांनी ओढ्याकडचं कापायला गावातल्या बायांची टोळी लावली होती. त्या टोळीच्या पुढारीण बाईंना लिहिता येत नाही, पण त्यांची आठवीतली मुलगी रोज रात्री हजेरी लिहिते. शंभर पानी वही, मागच्या पानांवर गणिताची उदाहरणं, पुढून हजेरी. मी ती उघडली. निळ्या शाईत, रेघ पाडून:

25 तारीख, तात्या, वड्याकडचं, 7 बाया.
26 तारीख, तात्या, वड्याकडचं, 9 बाया, झालं.
27 तारीख, लक्ष्मीपूजन, सुट्टी.

"झालं" हा शब्द तिनं अधोरेखित केला होता, कारण त्या दिवशी पैसे मागायचे होते. मी त्या पानाकडे बराच वेळ बघत होतो. संगणकाच्या रकान्याला जे उत्तर हवं होतं, ते एका मुलीनं तीन शब्दांत लिहून ठेवलं होतं: कुणाचं, कुठलं, झालं. तिच्या वहीत सुगी हा शब्द कुठंही नव्हता. असण्याचं कारणच नव्हतं, सुगी चालू होती म्हणून तर वही होती.

तालुक्याला

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तालुक्याच्या तक्रार समितीपुढे बोलावलं. विमा कंपनीचा प्रतिनिधी तयारीनं आला होता. त्याच्याकडे फोनचं ध्वनिमुद्रण होतं. ते त्यानं लावलं. खोलीत माझा आवाज ऐकू आला: "तात्या, सुगी कधी झाली विचारतायत." मग तात्यांचा.

प्रतिनिधी म्हणाला, शेतकऱ्यानं स्वतः आठ तारीख सांगितली आहे. त्याच्या बाजूनं ते बरोबर होतं. कागदावर तेच होतं.

समितीतले एक कृषी अधिकारी सोलापूरकडचे होते. त्यांनी मुद्रण पुन्हा लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. आणि विचारलं, "हे चालू हाय म्हणालेत. झाली असं कुठं म्हणालेत?"

प्रतिनिधीला प्रश्न लगेच कळला नाही. साहेबांनी समजावून सांगितलं. प्रश्न होता संपलेल्या कामाचा. उत्तर आलं सुरू असलेल्या काळाचं. 30 ऑक्टोबरला माणूस सांगतोय की सुगी दसऱ्यापासून चालू आहे, म्हणजे 30 ऑक्टोबरलाही ती चालूच आहे. त्या वाक्यातून काढणी आठ तारखेला पुरी झाली असा अर्थ निघत नाही, उलट अजून काम बाकी आहे असा निघतो. आणि मुलीनं पुढे विचारलं ते दसऱ्याच्या तारखेबद्दल, त्याला "आठच" हे उत्तर दसऱ्याचं आहे, सोयाबीनचं नाही.

मी मराठी विषय घेऊन बीए झालो. काळ आणि क्रियापदाची रूपं तीन वर्षं शिकलो. त्यांचा इतका सरळ उपयोग मी कधी बघितला नव्हता. "झाली" आणि "चालू आहे" या दोन रूपांमध्ये एका कुटुंबाचं सव्वादोन एकर उभं होतं.

मग पंचनामा दाखवला, वही दाखवली. वहीवर प्रतिनिधीनं हरकत घेतली, हा काही शासकीय दस्तऐवज नाही म्हणून. अध्यक्षांनी वहीची मागची-पुढची पानं चाळली, त्याच तारखांना दुसऱ्या शेतकऱ्यांच्या रानातल्या नोंदी बघितल्या, आणि छायाप्रत जोडून घेतली. तात्यांना एकच प्रश्न विचारला, कडपे होते की सुडी. तात्या म्हणाले, "कडपे साहेब. सुडी घालाय वाळाय तर पायजे."

मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळं थांबलं. जुलैत दावा पुन्हा तपासायला घेतल्याचं कळलं. ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आठवड्यात, पैसे खात्यावर आले. तोवर ओढ्याकडच्या रानात नवं सोयाबीन गुडघ्याच्या वर गेलं होतं आणि फुलात होतं.

त्यानंतर

गावात त्याच पावसात भिजलेले आणखी अकरा दावे माझ्या केंद्रातून गेले होते. मी सगळ्यांची तारीख तपासली. चार जणांची तारीख 8 ऑक्टोबर होती. चौघांनी दसऱ्याला काढणी केली असणं शक्य आहे, पण तिघांनी मला तोंडी वेगळं सांगितलं. त्यांच्याकडे वही नव्हती, त्यांनी तक्रार केली नाही. हे मला इथे लिहिलंच पाहिजे. तात्यांचा निकाल लागला म्हणून प्रकरण गोड झालं असं समजू नये.

पुढच्या खरिपात मी केंद्रात भिंतीवर एक कागद लावला. फोन लावण्याआधी मी तोच वाचून विचारायचो. कुठल्या तुकड्यातलं? कापायला सुरुवात कधी, शेवटची पात कधी संपली? कडपे आहेत, पेंढ्या आहेत, का सुडी? रास झाली का? या चार प्रश्नांची उत्तरं पावतीच्या मागे लिहायची आणि मगच नंबर फिरवायचा. पलीकडून "हार्वेस्टिंग" आलं की मी तो शब्द शेतकऱ्यापर्यंत जाऊच देत नव्हतो, आणि त्याचा अर्थ सुगी असंही सांगत नव्हतो. पावतीमागची तारीख वाचायला देत होतो.

"शेवटची पात" हे शब्द टोळीच्या पुढारीण बाईंनी सुचवले. मी आधी "काढणी पूर्ण झाल्याची तारीख" असं लिहिलं होतं. त्यांनी मुलीकडून ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "आसं कोन बोलतंय? शेवटची पात कवा सपली म्हनावं." पात म्हणजे कापणाऱ्याच्या वाट्याला आलेली ओळींची पट्टी. बांधापासून बांधापर्यंत. ती संपली की रान संपलं, त्यात दुसरा अर्थच नाही. मी खोडून तसं लिहिलं.

2023 ला एक रुपयात विमा आला तेव्हा केंद्राबाहेर रांगा लागल्या आणि तो कागद फाटून दोनदा नवा लावावा लागला. 2025 च्या खरिपापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पादनावरच ठरू लागली आणि काढणीपश्चात नुकसानीचं कलम गेलं. आता त्या प्रश्नांना विम्यासाठी काम उरलेलं नाही. कागद भिंतीवरच आहे. अतिवृष्टीचा पंचनामा आला की कृषी सहायक त्यातले दोन प्रश्न विचारतात.

तात्या मागच्या दसऱ्याला सोनं द्यायला आले होते. मी सवयीनं विचारलं, "काय तात्या, सुगी काय म्हणतीय?"

"लागली की," म्हणाले. मग थांबले, माझ्याकडे बघून हात वर केला आणि एकेक बोट मोडत सांगितलं, "माळावरचं काढायलाव. वड्याकडचं हिरवं हाय आजून. लिव्हून घे."